तळ्याकडचं दार

१

सुट्टीत उतरायची जागा मला निवडता येत नाही, असं माझ्या बायकोचं, चंद्राचं, ठाम मत होतं. मत खोटं नव्हतं. महाबळेश्वरला मी घेतलेल्या बंगल्यात ढेकूण आमच्या आधीपासून मुक्कामाला होते. अलिबागला ‘समुद्रासमोर’ म्हणून घेतलेल्या खोलीसमोर सुक्या बोंबलांची वखार निघाली. पुण्याच्या कोर्टात वीस वर्षं वकिली केलेला, साक्षीदाराच्या पोटातलं काढून घेणारा मी लॉजवाल्यांच्या गोड बोलण्याला मात्र दर वेळी भुलायचो. चंद्रा हे चारचौघांत रंगवून सांगायची आणि मी चिडल्यासारखं करायचो.

एकोणीसशे अडतीसच्या फाल्गुनात तिला विषमज्वर झाला. एकवीस दिवस म्हणता म्हणता दीड महिना गेला. ताप उतरला, पण तिच्यातलं निम्मं माणूस बरोबर घेऊन गेला. पलंगापासून खिडकीपर्यंत यायची तर उजवा पाय ओढत यायची आणि तिथं बसून धापा टाकायची. डॉक्टर म्हणाले, डोंगर नको, चढउतार नको. पाण्याकाठची मोकळी हवा, चांगलं दूध आणि महिनाभर संपूर्ण विश्रांती हवी. यात हयगय झाली तर पावसाळ्याची हमी मी देत नाही, हे मात्र त्यांनी जिन्यात थांबून फक्त मला सांगितलं.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात ती, मी आणि धोंडाबाई. धोंडाबाई मूळची भोरजवळच्या आंबवड्याची, कामाला म्हणून आली आणि घरचीच झाली. चंद्रा गेली तर त्या घरात मी काय करणार, हा विचार मी मनात येऊ देत नसे. म्हणजे तो सारखा यायचा.

पाण्याकाठ म्हटल्यावर भाटघरच्या धरणाचं नाव निघालं. पुण्यापासून मोटारीनं दोन-अडीच तास, पलीकडे भोर संस्थानचं गाव, दूधदुभतं मुबलक. तिथल्या तीन जागा मला कुणी कुणी सुचवल्या होत्या. या वेळी मी ठरवलं की आधी एकट्यानं जायचं, तिन्ही जागा डोळ्यांनी बघायच्या आणि मगच तिला न्यायचं. मी सात मुद्द्यांची यादी केली: हवा, पाणी, गादी, दूध, न्हाणीघर, शेजार आणि किडे. चंद्रानं ती वाचली आणि ढेकणांना सातवा नंबर देऊन तुम्ही त्यांचा अपमान केलात, असं म्हणाली. आजारानंतर ती पहिल्यांदाच हसली होती.

तिची एक सवय सांगायला हवी. कुठंही निघायचं तर ती कधी माझ्याबरोबर उंबरा ओलांडत नसे. मी रस्त्यावर जाऊन टांगा थांबवायचा, आणि ती मागे राहून कड्या बघणार, कंदिलाची वात खाली करणार, मग येणार. “तुम्ही पुढे व्हा, मी दिवा बघून आलेच,” हे मी बावीस वर्षं ऐकत होतो. त्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ती पलंगावरून तेच म्हणाली. तुम्ही पुढे व्हा, मी आलेच.

२

पहिली जागा धरणाच्या अलीकडचा एक बंगला. तिथं कौलांवर वानरं, त्यामुळे शेजाराचा मुद्दा नापास. दुसरी जागा भोर गावातली खाणावळवजा लॉज. स्वच्छ होती, मालक भला होता, पण तळं कुठून दिसतं विचारल्यावर त्यानं मला गच्चीवर नेलं आणि एका नारळाच्या झाडाकडे बोट दाखवून त्याच्यामागं आहे म्हणून सांगितलं. मी त्याचे आभार मानले आणि टांगा केला.

तिसरी जागा ‘जलविलास’. मुंबईच्या एका लाकूडव्यापाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याकाठी बांधलेलं हॉटेल. मी आत शिरलो आणि मला माझ्या कोटाची लाज वाटली. फरशी आरशासारखी, वेताच्या खुर्च्यांवर पांढऱ्या गाद्या, स्प्रिंगचे पलंग, न्हाणीघरात पितळी बंब आणि विलायती चिनी मातीचं भांडं. बर्फ पुण्याहून रोज येत होता. दूध समोर काढून देत. मी पलंगाच्या गाद्या उलटून शिवणी तपासल्या. व्यवस्थापक कुंडलिकराव, चाळिशीचा टापटीप गृहस्थ, शांतपणे बघत उभे होते. उन्हाळा कडक असल्यानं त्या आठवड्यात दुसरं कुणी उतरलेलं नव्हतं. एकेक करत माझ्या यादीतल्या सातही मुद्द्यांपुढे खूण झाली. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

दिवाणखान्याच्या टोकाला तळ्याकडे उघडणारं एक दार होतं. बाकी हॉटेल कोरं करकरीत आणि हे एकच जुनं. सागवानी, दोन फळ्यांचं, लोखंडी फुल्या ठोकलेलं, आतून जाड अडसर. उंबराही जुनाच, मधोमध पायांनी झिजलेला. मालकानं धरणात जाणाऱ्या गावांतलं लाकूड घेतलं होतं, त्यातलं हे आवडलं म्हणून बसवलं, असं कुंडलिकरावांनी कौतुकानं सांगितलं. मी बाहेरच्या पायरीवर जाऊन पाहिलं. चौकटीवरचा गणपती तळ्याकडे तोंड करून होता. म्हणजे हे कुणाच्या तरी घराचं पुढचं दार होतं, आणि इथं ते मागं बसवलं होतं.

वैशाखात पाणी बरंच खाली गेलं होतं. उताराच्या तळाशी, दीड-दोनशे पावलांवर, चिखलातून एका घराचं जोतं वर आलं होतं. दगडी भिंतीचा एक तुकडा उभा होता आणि त्यात दाराएवढी रिकामी जागा. ती जागा बरोबर आमच्या समोर होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चंद्रासाठी इथं खुर्ची टाकायची, सकाळचं ऊन मिळेल, एवढंच मी ठरवत होतो.

मी खोली पक्की केली आणि रात्र तिथंच काढून सकाळी परतायचं ठरवलं.

३

दिवेलागणीला मी दिवाणखान्यात जुनं वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. एक म्हातारी बाई आली. लुगडं गुडघ्याखाली घट्ट कसलेलं, कपाळ मोकळं. तिचं नाव सगुणाबाई, हे कुंडलिकरावांनी मला दुपारी सांगितलं होतं. दिवाबत्तीला ठेवलेली होती, बुडालेल्या गावातलीच. तिनं आधी जाऊन रस्त्याकडचं दार बंद केलं. मग हे तळ्याकडचं दार सताड उघडलं, उंबऱ्याशी कंदील ठेवला, शेजारी पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि तांब्या ठेवला आणि स्वयंपाकघराकडे निघून गेली.

हे मला खटकलं. कुठल्याही घरात तिन्हीसांजेला पुढचं दार उघडतात आणि मागचं लावतात. लक्ष्मी पुढून येते आणि मागून निघून जाते, हे माझ्या आईनं मला बोलता येण्याआधी शिकवलं असेल. इथं नेमकं उलटं चाललं होतं. पण हॉटेल म्हटल्यावर वारा यावा म्हणून करत असतील, असं मनाशी म्हणून मी पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

उंबरा करकरला. जुन्या लाकडावर पाय पडला की होतो तसा आवाज. मग तांब्यानं पायांवर पाणी ओतल्याचा, दोनदा. गडीमाणसं शेतावरून परत येत असतील. माझी पाठ दाराकडे होती आणि मी वळून पाहिलं नाही. परत करकर, परत पाणी. कोर्टात बसून बसून मला एक वाईट खोड लागली आहे, मी नकळत मोजतो. आठ वेळा उंबरा करकरला, आठ वेळा पाणी ओतलं गेलं. नंतर शांत झालं. आत आलेल्यांपैकी कुणी माझ्यासमोरून मात्र गेलं नाही, आणि दिवाणखान्यातून आत जायला दुसरी वाट नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त गार वाटलं, ओल्या मातीचा वास आला, आणि वाटलं, हे दार आता लावून घ्यावं.

मी उठलो आणि दार लावलं. हाताच्या सवयीनं लावलं, घरी रोज लावतो तसं. अडसर एवढा जाड, पण रोजचा माणूस ओढतोय असा अलगद सरकला.

४

सगुणाबाई आली ती दारातच थबकली. तिनं आधी अडसराकडे पाहिलं आणि मग घंगाळाकडे. घंगाळ रिकामं होतं.

“साहेब, दार कुनी लावलं?”

मी म्हणालो, मी लावलं, डास येतात.

“आत किती जन आले व्हते?”

हा प्रश्न तिनं इतक्या साध्या आवाजात विचारला की मी उत्तर देऊन बसलो. आठ, म्हणालो. आणि म्हटल्यावर लक्षात आलं, आठ कोण, हे मला माहीत नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

तिनं अडसर काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिन्हीसांजेला दार लावतो तो घरधनी, आत आलेली त्याच्याच मागं राहतात, असं ती म्हणाली. आता माझ्या हातून दार उघडून उपयोग नाही, तुम्हीच उघडायचं आणि तोंडानं म्हणायचं. काय म्हणायचं, तेही तिनं सांगितलं: घरातली सगळी चला. एवढं म्हटलं की ती आल्या वाटेनं जातील. रोज कंदील विझायच्या आत आपापली जातात.

मी विचारलं, ती म्हणजे कोण?

“घर पान्यात गेलं, दार वर ऱ्हायलं,” ती म्हणाली. “मानसं दाराच्या मागं येत्यात, साहेब. घराच्या न्हाई.”

मी हसलो. अगदी खरं सांगायचं तर हसू येत नव्हतं, पण साक्षीदार अंगावर आला की वकील हसतो. मी दार उघडलं, ते तिच्या समाधानासाठी. बाहेर काळसर पाणी आणि जोत्याचा ठिपका. ती हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मला ते तीन शब्द म्हणता आले असते. जीभ झिजली नसती. पण रिकाम्या खोलीला उद्देशून बोलायचं, आणि कुंडलिकराव दारातून बघत असताना, हे मला जमेना. मी तिला म्हणालो, बाई, माझ्याकडून हा पोरखेळ व्हायचा नाही.

कुंडलिकरावांनी मान हलवून दिलगिरी व्यक्त केली. डोक्यानं थोडी गेलेली आहे, पण कामाला चोख, असं ते हळूच म्हणाले. सगुणाबाईनं कंदील उचलला. ती रडत होती, आणि माझ्यासाठी रडत होती हे मला कळत होतं.

५

रात्री झोप चांगली लागली. गाद्या खरोखर उत्तम होत्या. सकाळी कुंडलिकरावांना म्हणालो, आठ दिवसांत पत्नीला घेऊन येतो, आणि टांग्याची वाट न बघता बॅग घेऊन धरणापर्यंत चालत निघालो. रात्रीचं सगळं मला हास्यास्पद वाटत होतं. चंद्राला कसं रंगवून सांगायचं ते मी जुळवत होतो.

वाटेत समोरून मेंढरांचा कळप आला. रस्ता अरुंद, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या. एकटा माणूस समोरून आला की मेंढरं अंग चोरून त्याच्या पायांजवळून जातात. ही दहा हात अलीकडेच फुटली. अर्धी डावीकडे जाळीत घुसली, अर्धी उजवीकडे, अंगाला काटे लागले तरी रस्त्यावर यायला तयार होईनात. मी पुढे चालत गेलो तरी ती मागे मिटेनात. माझ्या पाठीमागं बरंच अंतर ती रस्ता सोडूनच उभी होती, लग्नाच्या वऱ्हाडाला वाट द्यावी तशी.

धनगर म्हातारा होता. त्यानं काठी टेकवली, मुंडासं सावरलं आणि अदबीनं बाजूला झाला. मी पुढे गेल्यावरही तो तसाच उभा राहिला, एकेकाला जाऊ देत असल्यासारखा. मग म्हणाला, “मानसं कुटली म्हनायची, दादा? लई भिजल्याली हायती.”

मी वळून पाहिलं नाही. माझ्या बुद्धीनं मला पन्नास कारणं दिली आणि मी ती सगळी स्वीकारली, पण मान वळवली नाही. मोटारीत बसेपर्यंत ओल्या मातीचा वास माझ्या कोटाला येत होता.

६

चंद्रा खिडकीत बसलेली होती, पलंगावर नाही. मला बघून म्हणाली, या वेळी तरी बरी जागा मिळाली का? मी बॅग ठेवली आणि सांगितलं की नाही, ती जागा नको, दुसरी बघू. मेंढरांच्या त्या रस्त्यावर माझं एवढं ठरलं होतं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, तुमचं तोंड सांगतंय की जागा उत्तम आहे.

त्या दिवशी तिनं अन्न मागून घेतलं. दीड महिन्यात पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी धोंडाबाईला पेढे आणायला पाठवलं. ती परत आली तेव्हा चंद्रा चुलीशी होती. उजवा पाय ओढत, भिंतीला धरत, पण उभी. मोठं पातेलं भरून भात शिजला होता. आयुष्यभर तीन माणसांचा भात डोळे मिटून मोजणारी बाई, तिनं दहाबारा माणसांचा भात केला होता. मी विचारलं तर स्वतःच गोंधळली. मग म्हणाली, “अंदाज चुकला खरा. पण घर भरल्यासारखं वाटतंय आज. नाही का वाटत?”

धोंडाबाईनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पाण्याकडून कुणाला बरोबर आणलंत, एवढंच तिनं मला मागच्या अंगणात नेऊन विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

संध्याकाळी मी बैठकीत कागद चाळत होतो. पुढच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. पाठोपाठ ओढत जाणारं पाऊल आणि जोडव्यांची टिचटिच. मी उठून बघतो तर चंद्रानं पुढचं दार लावलं होतं, मागचं उघडलं होतं, आणि उंबऱ्याशी तांब्या घेऊन वाकली होती. आमच्या मागच्या दाराबाहेर एक बोळ आहे आणि नगरपालिकेचा दिवा. बोळ रिकामा होता. ती कुणाच्या तरी पायांवर पाणी घालत होती.

मी तिला उचलून पलंगावर आणलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. दीड महिन्यात जो ताप मेहनतीनं उतरवला तो एका दिवसात परत आला होता. ती डोळे मिटून शांतपणे म्हणाली, “भली माणसं आहेत हो. बिचारी पाय धुऊन दाराशीच बसून राहतात. मला म्हणतात, तुम्हीही चला, आमच्याकडे हवा फार चांगली आहे.”

मी तिच्याशेजारी बसून राहिलो. सगुणाबाईचे ते तीन शब्द मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितले. तिथं म्हणायला लाजलो आणि तो हट्ट हिच्या अंगावर आला, हे मला त्या वेळी पुरतं कळलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेले. मी चंद्राला सांगितलं की एक काम राहिलंय, संध्याकाळी तिथं जाऊन ते उरकतो आणि परत येतो. धोंडाबाई जवळ बसेल. तिनं फक्त मान हलवली. मी पायात वहाणा घातल्या, दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी बघतंय का याची पर्वा न करता, रिकाम्या बैठकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, घरातली सगळी चला.

आतून चंद्राचा आवाज आला. “तुम्ही पुढे व्हा, मी आलेच.”

दस्तऐवजातला एकेक शब्द भिंगाखाली धरणारा माणूस मी. पण मला वाटलं, तापातली बडबड आहे, सवयीचं बोलणं आहे. मी पुढे झालो.

जलविलासला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कुंडलिकराव आश्चर्यानं काही बोलायला लागले, मी त्यांना हातानं थांबवलं. सगुणाबाईनं माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता रस्त्याकडचं दार लावलं, कंदील पेटवला आणि माझ्या हातात दिला. मी तो उंबऱ्याशी ठेवला. अडसर काढला. या वेळी तो जड होता, दोन्ही हातांनी ओढावा लागला. दार उघडलं. पाणी आणखी उतरलं होतं, जोत्याच्या पायऱ्याही आता दिसत होत्या. भिंतीतल्या त्या रिकाम्या जागेत संध्याकाळ भरली होती.

मी फळीला पाठ लावून बाजूला उभा राहिलो आणि म्हणालो, “घरातली सगळी चला.”

बराच वेळ काही झालं नाही. मी स्वतःला म्हणालो, बघ, काही नसतंच. मग उंबरा करकरला.

एक. माझ्या हातावरून गार हवा गेली. दोन. तीन जड होता, म्हातारं माणूस असावं. चार आणि पाच जवळजवळ एकदम. मी मोजत होतो आणि प्रत्येक आकड्याबरोबर माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. सहा. सात. आठ. आठवा गेला तेव्हा मी डोळे मिटून श्वास सोडला. हात दाराच्या फळीवर होता. लावायचं आणि पहिल्या मोटारीनं चंद्राकडे जायचं.

दिवाणखान्याच्या फरशीवर कुणीतरी चालत होतं. हळू. एक पाऊल नीट, दुसरं ओढत. एक नीट, एक ओढत. आणि ओढल्या पायाबरोबर जोडव्याची टिच.

मी डोळे उघडले नाहीत. ते पाऊल माझ्याजवळ आलं आणि उंबऱ्याशी थांबलं. कुणी मागे राहून काही बघत असावं तसं थांबलं. खाली, माझ्या पायाजवळ, कंदिलाची चावी फिरल्याचा बारीक आवाज आला. मी तेव्हा पाहिलं. कुणी नव्हतं. चावी फिरत होती आणि वात हळूहळू खाली जात होती, बावीस वर्षं आमच्या घरी जात होती तेवढीच, ना कमी ना जास्त. मग उंबरा नवव्यांदा करकरला.

मी तिच्या नावानं हाक मारली. खाली, चिखलात, ओढत जाणारं पाऊल थांबलं नाही.

सगुणाबाई माझ्या मागे उभी होती. तिचा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. “साहेब,” ती म्हणाली, “बाईसाब कुठं हायती?”

८

तार दुसऱ्या दिवशी भोरला आली. धोंडाबाईनं नंतर सांगितलं, दिवेलागणीला चंद्रानं कंदील जवळ मागितला, वात खाली केली, “आलेच,” म्हणाली आणि उशीवर मान टाकली.

क्रियाकर्म उरकून मी पुण्याचं घर बंद केलं आणि इथं आलो. त्याला आता तीन वर्षं झाली. मला मागची खोली दिली आहे. सगुणाबाई गेल्या थंडीत वारली, तेव्हापासून दिवाबत्ती मीच करतो. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं हे काम का मागून घ्यावं, याचं कुंडलिकरावांना कोडं पडलं आहे. उतरायला येणारे लोक जुना रहिवासी म्हणून मला विचारतात, जागा कशी आहे? मी सांगतो, उत्तम. सातही बाबतींत उत्तम. ती यादी अजून माझ्या खिशात आहे. फक्त तिन्हीसांजेला तळ्याकडच्या दाराला कुणी हात लावू नका, एवढं बजावतो, आणि मग त्या दाराजवळून हलत नाही. चांगल्या घरातली माणसं असतात, हात आपोआप अडसराकडे जातो.

रोज मी घंगाळात नऊ जणांना पुरेल एवढं पाणी भरतो. रोज आठ जणं पाय धुतात. नववी येत नाही. पावसाळ्यात जोतं बुडतं तेव्हा तिचं काहीच ऐकू येत नाही. पाणी उतरू लागलं की मात्र खालून टिचटिच येते. पहिल्या वर्षी ती जोत्यावर होती. गेल्या वैशाखात उताराच्या मध्यावर. काल ती बाहेरच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली, आणि मी कंदील धरून उभा होतो.

ती माझ्याबरोबर कधीच निघत नसे. पण मागे राहिली आणि आली नाही, असं बावीस वर्षांत एकदाही झालं नाही. ती येईल. तीन वर्षं मी त्याचीच वाट बघतो आहे, आणि तीन वर्षं मला दुसऱ्या कशाचीही भीती वाटलेली नाही.